तिघांनीही पाहिले

जेरुसलेमहून जेरिकोला उतरणाऱ्या वाटेवरची ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लुटारूंनी एका वाटसरूला मारझोड करून अर्धमेल्या अवस्थेत टाकून दिले. एक याजक त्या वाटेने आला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग एक लेवी आला, त्यानेही तेच केले. शेवटी एक शमरोनी आला आणि थांबला. गोष्ट इतकी ओळखीची, की तिच्यातला एक बारकावा सहसा आपल्या लक्षात येत नाही. संत लूक तिघांविषयी एकच गोष्ट सांगतो. याजकाने त्याला पाहिले. लेवीने त्याला पाहिले. शमरोनी माणसानेही त्याला पाहिले. अंधार होता, झुडपाआड तो दिसला नाही, अशी सबब लूकने कुणालाच ठेवलेली नाही. तिघांनीही पाहिले. फरक पडला तो पाहिल्यानंतर.

यातून एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे दुःख पाहिले की पाहणाऱ्यावर काही ऋण चढते का? की पाहणे म्हणजे नुसतेच पाहणे, वाटेवरचे झाड पाहावे तसे? त्या याजकाला हा प्रश्न आयुष्यात एखाद्या वेळीच पडला असेल. आपल्याला तो रोज पडायला हवा. रात्री जेवताना समोर टीव्ही चालू असतो, हातात मोबाइल असतो. भाकरीचा एक तुकडा मोडेपर्यंत पुरात वाहून गेलेले गाव, बॉम्बने कोसळलेली इमारत आणि छावणीतले रडणारे मूल आपल्या डोळ्यांपुढून सरकून जाते. त्या याजकाने सबंध आयुष्यात पाहिले नसतील इतके जखमी आपण एका आठवड्यात पाहतो, आणि त्याच्याइतकेच सहज पुढे जातो.

या प्रश्नाचा विचार करताना एका माणसाचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे ठरेल. इतरांचे दुःख पाहणे आणि ते जगाला दाखवणे हाच त्याचा व्यवसाय होता. सेबास्तियाँव सालगादो हे त्याचे नाव. आपल्या आजोबांच्या पिढीत ऐकू येणाऱ्या 'बस्त्याव' या नावाचेच हे मूळ पोर्तुगीज रूप. २३ मे २०२५ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. सालगादो भाविक ख्रिस्ती म्हणून ओळखले जात नव्हते आणि त्यांना संतपद देण्याचा इथे हेतू नाही. पण ज्या प्रश्नावरून आपण भराभर पुढे जातो, त्या प्रश्नापाशी हा माणूस सुमारे पन्नास वर्षे उभा राहिला. म्हणून त्याच्याकडून शिकण्यासारखे काही आहे.

आकडे सोडून चेहऱ्यांकडे

सालगादो यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९४४ रोजी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील आइमोरेस या गावी झाला. वडिलांचा गुराढोरांचा मोठा मळा होता. मुलगा अर्थशास्त्र शिकला. १९६७ साली लेलिया वानिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाही होती आणि हे दांपत्य तिच्या विरोधात होते. १९६९ मध्ये दोघांनी देश सोडून पॅरिस गाठले. पुढे सालगादो यांना लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत चांगली नोकरी मिळाली. कामानिमित्त आफ्रिकेत जावे लागे. लेलिया वास्तुकला शिकत होत्या आणि अभ्यासासाठी त्यांनी एक कॅमेरा घेतला होता. तोच कॅमेरा सालगादो यांच्या हाती आला. अहवालात लिहिलेल्या आकड्यांपेक्षा त्या कॅमेऱ्यातून दिसणारे चेहरे त्यांना अधिक बोलके वाटू लागले. १९७३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पगार, बढती, घरभाडे यांचा हिशेब माहीत असलेल्या अर्थतज्ज्ञाने हा निर्णय घेतला आणि त्याच्या पत्नीने त्याला साथ दिली, हे संसारी माणसांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढची काही वर्षे त्यांनी वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केले. १९७९ मध्ये ते 'मॅग्नम' या नामांकित छायाचित्रकारांच्या संस्थेत दाखल झाले. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा सालगादो तिथे हजर होते. ती छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांनी विकत घेतली. त्या पैशांतून त्यांनी आफ्रिकेतील आपल्या कामाचा खर्च भागवला. जगाची रीत यातून उघडी पडते. एका बलाढ्य माणसाच्या जखमेला लगेच गिऱ्हाईक मिळाले. लाखो भुकेल्यांपर्यंत पोचायचे, तर त्या जखमेच्या पैशांनीच वाट काढावी लागली.

१९८४-८५ मध्ये आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला. सालगादो 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेबरोबर इथिओपिया, सुदान, चाड आणि माली या देशांत हिंडले. दोन दिवसांत फोटो काढून विमान पकडणाऱ्यांपैकी ते नव्हते. छावण्यांत ते लोकांबरोबर राहिले. त्या छायाचित्रांचे पुस्तक १९८६ मध्ये निघाले, ते त्याच डॉक्टरांच्या मदतकार्यासाठी. त्याच वर्षी ते ब्राझीलमधील सेरा पेलादा या सोन्याच्या उघड्या खाणीत गेले. तिथे सुमारे ५० हजार माणसे चिखलाने भरलेली जड पोती पाठीवर घेऊन लाकडी शिड्यांवरून मुंग्यांसारखी चढत-उतरत होती. पुढे जगभरच्या कष्टकऱ्यांवरचे त्यांचे 'वर्कर्स' हे पुस्तक १९९३ मध्ये आले. धनबादचे कोळसा खाणकामगार आणि राजस्थानच्या कालव्यावर राबणाऱ्या स्त्रियाही त्यात आहेत. त्यानंतर घरदार सोडून निघालेल्या माणसांचा माग काढत ते सुमारे ४० देश फिरले आणि २००० साली 'मायग्रेशन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

आरोप आणि त्यातले तथ्य

सालगादो यांची कीर्ती वाढली तशी टीकाही वाढली. अमेरिकन समीक्षक इन्ग्रिड सिशी यांनी १९९१ मध्ये 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखाचा रोख असा होता, की ही छायाचित्रे फार सुंदर आहेत. दुःख इतके देखणे करून मांडले, की माणूस त्याचे कौतुक करतो आणि हात मात्र जागचा हलत नाही. आरोप गंभीर आहे. भुकेने खंगलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश किती छान टिपला आहे, असे म्हणत प्रदर्शनातून बाहेर पडणारा माणूस त्या याजकापेक्षा वेगळा कसा?

सालगादो यांचे म्हणणे असे, की गरिबांचे जग श्रीमंतांच्या जगापेक्षा कुरूप का दाखवावे? ऊन तर दोघांवर सारखेच पडते. उपाशी माणूसही माणूसच आहे. त्याला कचऱ्यासारखे दाखवले तर कीव येईल, आदर वाटणार नाही.

आपण कॅथलिक माणसे या वादात सहज एका बाजूला उभी राहू शकत नाही. आपल्या प्रत्येक देवळात वेदीच्या वर एका छळलेल्या, खिळे ठोकलेल्या देहाची मूर्ती आहे. ती शक्य तितकी सुंदर घडवावी म्हणून कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले कौशल्य पणाला लावले. मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या मातेचे मायकेल अँजेलोने घडवलेले शिल्प संत पेत्राच्या महामंदिरात आहे, आणि दुःखाचे इतके सुंदर रूप क्वचितच कुठे असेल. तेव्हा दुःख सुंदर रीतीने दाखवणे हेच पाप, असे आपल्याला म्हणता येणार नाही. पण क्रूसासंबंधी दोन गोष्टी विसरता कामा नये. पहिली ही, की आपण क्रूसासमोर नुसते बघत उभे राहत नाही, गुडघे टेकतो. दुसरी ही, की त्या क्रूसावर, त्या देहाच्या डोक्यापाशी, नाव लिहिलेले आहे. पिलाताने ते थट्टेने लिहवले असेल. तरीही तो अमुक एक माणूस आहे, नाझरेथचा येशू आहे, 'एक गुन्हेगार' नव्हे, हे तीन भाषांत वाचता येत होते.

दुसरा आरोप नेमका याच मुद्द्यावर होता. सुझन सोन्टाग या विचारवंत लेखिकेने २००३ मध्ये दुसऱ्यांच्या वेदनांकडे पाहण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवून दिले, की सालगादो यांच्या स्थलांतरितांच्या छायाचित्रांखाली स्थळ असते, पण माणसाचे नाव नसते. नामवंतांच्या फोटोखाली नाव हवेच. गरिबाला मात्र 'निर्वासित', 'मजूर', 'भुकेलेला' एवढी पाटी पुरते. मग तो माणूस राहत नाही, आपल्या हलाखीचा नमुना होतो.

हा आरोप मला पहिल्यापेक्षा अधिक खरा वाटतो, कारण शुभवर्तमान त्याच्या बाजूने उभे आहे. संत लूकच्या १६ व्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला भिकारी यांचा दाखला आहे. प्रभू येशूने कितीतरी दाखले सांगितले. पेरणारा, उधळ्या पुत्र, मेंढपाळ, नाणे हरवलेली बाई, यांतल्या कुणालाच नाव नाही. नाव मिळाले ते एकाच पात्राला, अंगभर फोड आलेल्या, कुत्री ज्याचे फोड चाटत होती त्या लाजरसला. रेशमी वस्त्रांतला श्रीमंत मात्र शुभवर्तमानात बिननावाचा राहिला. जगाची रीत येशूने उलटी केली. आणि त्या श्रीमंताचा अपराध तरी कोणता? त्याने लाजरसला मारले नाही, हाकलले नाही. तो रोज त्याच्यासमोरून ये-जा करीत राहिला, एवढेच.

चर्चगेटच्या फलाटावर

नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसांना समजावून सांगावे लागू नये. 'मायग्रेशन्स'मध्ये एक छायाचित्र आहे, चर्चगेट स्टेशनचे, १९९५ सालचे. गाड्या लागल्या आहेत आणि फलाटावर माणसांचा लोंढा आहे. माणसे हलताना धूसर दिसावीत अशा बेताने फोटो काढला आहे. त्यामुळे ती माणसे न वाटता पाण्याचा प्रवाह वाटतात. जगभरच्या प्रदर्शनांत लोकांनी हे छायाचित्र पाहिले. मुंबई म्हणजे काय, हे अनेकांना त्यावरूनच कळले.

वसई-विरारहून पहाटेची लोकल धरून चर्चगेटला उतरणाऱ्याने हे छायाचित्र पाहिले, तर त्याला काय वाटेल? परदेशातल्या प्रेक्षकाला तिथे गर्दी दिसते. आपल्याला माहीत असते, की त्या धूसर रेषांपैकी एकीच्या डब्यात रात्रीची भाजी आहे, एकीच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे, एकीची बँकेतली नोकरी पक्की व्हायची आहे. कदाचित आपलाच बाप, आपलीच मावशी त्या लोंढ्यात असेल. छायाचित्र खोटे नाही. ते लांबून खरे आहे. जवळून पाहणाऱ्याला त्या गर्दीतली माणसे दिसतात, कारण त्याला नावे ठाऊक असतात.

आता हाच न्याय उलटा लावून पाहू. चर्चगेटच्या गर्दीत आपल्याला माणसे दिसतात. मग साहेलच्या छावणीत, रस्त्याकडेच्या झोपडीत, आपल्याच गावाबाहेरच्या वीटभट्टीवर आपल्याला निव्वळ गर्दी का दिसते? त्यांनाही डबा आहे, परीक्षा आहे, मावशी आहे. आपण त्यांच्याकडे लांबून पाहतो, एवढाच फरक.

'फोटो काढणाऱ्याने काय केले?'

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. मार्च १९९३ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन कार्टर यांनी सुदानमध्ये काढलेले छायाचित्र छापून आले. जमिनीवर कोसळलेले उपाशी मूल आणि मागे टपून बसलेले गिधाड. त्या मुलाचे पुढे काय झाले, असे विचारणाऱ्या वाचकांची रीघ लागली. अखेर वृत्तपत्राला खुलासा छापावा लागला. १९९४ मध्ये कार्टर यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी आत्महत्या केली. ही गोष्ट नंतर तिखटमीठ लावून पुष्कळ सांगितली गेली. कार्टर यांच्या मनावर अनेक ओझी होती. एका छायाचित्राने त्यांचा जीव घेतला असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

वाचकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो अर्धाच होता. फोटो काढणाऱ्याने काय केले, हे आपण विचारतो. फोटो पाहणाऱ्याने काय केले, हे कोण विचारणार? छायाचित्रकार निदान तिथपर्यंत गेला. आपण आपल्या बैठकीत बसून त्याचा न्याय करतो, आणि न्याय केला की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. दुसऱ्याच्या कठोरपणावर रागावणे ही दया नव्हे. वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून जाण्याचा तोही एक मार्ग आहे.

पाहण्याची मर्यादा

१९९४ मध्ये रुआंडामध्ये सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्या देशात बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते आणि त्यांत कॅथलिक सर्वांत अधिक. एकाच देवळात मिस्सा ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कोयत्यांनी तोडले. आसऱ्यासाठी देवळात शिरलेल्यांना देवळातच ठार केले गेले. याची तयारी आधीपासून चालली होती. रेडिओवरून टुट्सी लोकांना 'झुरळे' म्हटले जात होते. ज्याला आपण नावाने हाक मारीत होतो, त्याच्या नावावर एक पाटी चिकटवली, की त्याच्यावर हात उचलणे सोपे जाते. २० मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सेवकांच्या या काळातील पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. बाप्तिस्मा झाला म्हणजे डोळे उघडलेच असे नाही, हे या घटनेने आपल्याला फार भारी किंमत घेऊन शिकवले.

सालगादो यांनी रुआंडाचे प्रेतांनी भरलेले रस्ते पाहिले. सरहद्दीपलीकडच्या गोमाच्या छावण्यांत पटकीने पटापट मरणारी माणसे पाहिली. ते आजारी पडले. पॅरिसच्या डॉक्टरांनी तपासून काय सांगितले, ते सालगादो स्वतःच सांगत असत. शरीराला रोग नव्हता. इतके मरण पाहून तेच आतून मरत चालले होते. थांबले नाहीत तर वाचणार नव्हते. मानवजातीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. कॅमेरा कायमचा खाली ठेवावा असे त्यांना वाटू लागले.

नुसते पाहत राहणे माणसाला पेलत नाही, ही गोष्ट इथे स्पष्ट होते. डोळ्यांनी आत घेतलेले दुःख हातांवाटे बाहेर पडले नाही, तर दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस मोडतो, नाही तर निबर होतो. सालगादो मोडले. आपल्यातले बहुतेक निबर होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये लाम्पेदुसा बेटावर, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी मिस्सा अर्पण करताना पोप फ्रान्सिस याच निबरपणाविषयी बोलले होते. इतरांसाठी रडणे आपण विसरून गेलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

सालगादो ब्राझीलला वडिलांच्या मळ्यावर परतले. लहानपणी पाहिलेले रान उरले नव्हते. झाडे तुटली होती, माती वाहून गेली होती, झरे आटले होते. इथे पुन्हा रान उभे करू या, ही कल्पना लेलिया यांची. १९९८ मध्ये दोघांनी 'इन्स्टिट्यूटो टेरा' ही संस्था स्थापन केली आणि सुमारे ७०० हेक्टरांच्या त्या उजाड जमिनीवर त्या भागातलीच मूळची झाडे लावायला सुरुवात केली. पुढच्या वर्षांत वीस लाखांहून अधिक झाडे लागली. झरे पुन्हा वाहू लागले, पक्षी आणि जनावरे परतली. हळूहळू सालगादो यांनी कॅमेराही पुन्हा हाती घेतला. विम वेंडर्स आणि सालगादो यांचा मुलगा जुलियानो यांनी २०१४ मध्ये त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटाचे नाव 'द सॉल्ट ऑफ द अर्थ', म्हणजे पृथ्वीचे मीठ, असे आहे. डोंगरावरील प्रवचन वाचणाऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको.

कुणी म्हणेल, झाडे लावून रुआंडाच्या मृतांना काय मिळाले? साहेलच्या आईला काय मिळाले? काहीच नाही. हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. झाडे हे त्या मृत्यूंचे उत्तर नव्हते. ज्यांना पाहिले त्यांचे ऋण सालगादो यांच्याकडून पुरते फिटले नाही, आणि तसे ते कुणाकडूनच फिटत नाही. पण ऋण फिटत नाही म्हणून ते बुडवायचे, हाही काही मार्ग नाही. सगळ्या जगाच्या जखमा बांधता येत नाहीत, म्हणून हाताशी असलेली जमीन त्यांनी आणि लेलियांनी बांधायला घेतली. आपल्या प्रत्येकाच्या हाताशी असा एखादा तुकडा असतोच.

आपल्या हातातला कॅमेरा

आता हा प्रश्न सालगादो यांच्यापुरता राहिलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हायवेवर अपघात झाला की मदतीला दोन हात येतात आणि मोबाइल दहा वर उठतात. आजारी माणसाचा नळ्या लावलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. त्याला कुणी विचारलेले नसते. शवपेटीत ठेवलेल्या माणसाचाही फोटो फिरतो. त्याला तर विचारताच येत नाही.

मदतीच्या बाबतीतही आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. पूर आला, नाताळ आला, प्रायश्चित्तकाळ आला की गरजू कुटुंबांना धान्य, चादरी, वह्या दिल्या जातात. देणे चांगलेच आहे. पण देताना फोटो निघतो. पाचसहा देणारे कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात आणि मध्ये पिशवी धरलेली एक बाई खाली मान घालून उभी असते. खाली देणाऱ्यांची नावे क्रमाने दिलेली असतात. घेणारी असते 'एक गरजू महिला'. लाजरसच्या दाखल्यात प्रभूने जे उलटे केले होते, ते आपण पुन्हा सुलटे करून टाकतो.

यावर व्यवहाराची बाजूही आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. वर्गणी देणाऱ्यांना पुरावा हवा असतो. फोटो पाहूनच पुढच्या वेळी लोक अधिक देतात. सालगादो यांच्या साहेलच्या छायाचित्रांमुळे मदतकार्याला हातभार लागला, हे आपण वर पाहिलेच. मग तेच इथे गैर कसे? माझ्या मते फरक असा आहे. दुःखाची साक्ष देणे वेगळे आणि दिल्याची पावती घेणे वेगळे. साक्षीत दुःख भोगणारा महत्त्वाचा असतो, पावतीत देणारा. हिशेब हवा तर तो कागदावर मांडता येतो, किती पोती आली आणि किती घरांत गेली हे लिहिता येते. गरिबाचा चेहरा म्हणजे आपल्या दानाची पावती नव्हे. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये अशी शिकवण मिळालेल्यांनी सबंध ग्रुपला कळवण्याची घाई का करावी?

शिवाय त्या बाईला मुले आहेत. ती मुले उद्या आपल्याच मुलांबरोबर धर्मशिक्षणाच्या वर्गात बसणार आहेत, आणि तो फोटो त्यांनी पाहिलेला असणार आहे.

म्हणून, फोटो काढण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ही माझी आई असती तर हा फोटो मी दाखवला असता का? या माणसाला मी विचारले का, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक त्याला खरोखर होती का? हातात धान्याची पिशवी मिळायची असताना 'नाही' म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने कधी हात पसरला आहे त्यालाच ठाऊक. शंका असेल तिथे फोटो नको.

फोटो पाहण्याचीही एक शिस्त असू शकते. पोप फ्रान्सिस अनेकदा विचारत, भीक घालताना तुम्ही त्या माणसाच्या डोळ्यांत पाहता का, त्याच्या हाताला तुमचा हात लागतो का, की नाणे फेकून निघून जाता? हाच प्रश्न पडद्यावरच्या माणसाबाबतही लावता येईल. दिवसभरात शंभर दुःखे पाहून शंभरांना हात जोडलेली खूण पाठवण्यापेक्षा, आठवड्यात एकाच दुःखापाशी थांबावे. त्या माणसाचे नाव कळते का पाहावे. त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि शक्य असेल ते एक काम करावे, मग ते लहान का असेना. दूरच्या माणसासाठी काही करता आले नाही, तर जवळच्यासाठी करावे. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, मुले परदेशी गेल्यामुळे एकटी राहणारी म्हातारी जोडपी आहेत, भाड्याच्या खोल्यांत आलेली परप्रांतीय मजूर कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, हे आजच्या मिस्सानंतर देवळाच्या पायऱ्या उतरताना प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे.

जखमी वाटसरूचे नाव शमरोनी माणसालाही प्रथम माहीत नव्हते. पण तो जवळ गेला, जखमा बांधल्या, त्याला धर्मशाळेत नेले आणि रात्रभर त्याची काळजी घेतली. सकाळी तिथल्या माणसाला दोन दिनार देऊन त्याने सांगितले, अधिक खर्च लागला तर परत येईन तेव्हा फेडीन. या दाखल्यातले 'परत येईन' हे आश्वासन आपण फारसे लक्षात घेत नाही. एकदा मदत करून मोकळे होणे त्याला पुरे वाटले नाही. ज्याला त्याने वाटेत पाहिले, तो आता त्याच्या ओळखीचा झाला होता.